उभ्या गाडीचं पेट्रोल



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ दापोलीची ही व्याख्यानमाला चालते, ते विज्ञान शिकवत. वस्तू उघडून दाखवल्याशिवाय त्यांचा तास संपत नसे, असं त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. संयोजकांनी मला विषय विचारला तेव्हा ‘जुन्या मोटारीतून उडून जाणारं पेट्रोल’ असं मी सांगितलं. फोनवर क्षणभर कुणी बोललं नाही. या मंचावरून संतवाङ्मयावर, शिवकालावर, कोकणच्या पाणीप्रश्नावर बोललं गेलं आहे, आणि हा माणूस टाकीच्या झाकणावर तासभर काय बोलणार! पण माझी नोकरी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात गेली. मला झाकणावर तासभर बोलता येतं.

तुमच्यापैकी बहुतेकांच्या गाडीत पीयूसीचा कागद आहे. तो काय सांगतो? गाडी आयडलिंगवर ठेवून सायलेन्सरच्या नळीत एक नळी घातली, आणि धुरातला कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन मोजला. भारत स्टेज ४ च्या पेट्रोल गाडीला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम ही मर्यादा. आकडे आत बसले की कागद मिळतो. टाकी, झाकण, रबरी होज, वाफ धरणारा कोळशाचा डबा यांच्याकडे त्या केंद्रावर कुणी पाहत नाही. गाडी बंद करून पडवीत लावली की तिचं प्रदूषण संपलं, असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात उभ्या गाडीतूनही पेट्रोल जात असतं. ते जमिनीवर ठिबकत नाही, वाफ होऊन जातं, म्हणून दिसत नाही, फार तर वास येतो. गॅरेजवाल्यांचा रोष पत्करून मला म्हणायचंय ते हे, की वास मारणारी गाडी सुटे भाग बदलत गेल्याने दुरुस्त होत नाही. तो वास कधी येतो, हे आधी विचारावं लागतं.

ही वाफ महत्त्वाची आहे हे जगाला कळलं लॉस एंजेलिसमध्ये. तिथल्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं कोडं आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सोडवलं. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो, हे त्याने दाखवलं. मग हायड्रोकार्बन कुठून येतात याचा हिशेब मांडला गेला. त्या काळच्या मोटारीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनपैकी साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नव्हता. तो टाकी आणि कार्बोरेटरमधून नुसता उडून जात होता. कॅलिफोर्नियाने १९७० च्या मॉडेलपासून या वाफेला बंधन घातलं, आणि पुढच्या वर्षी ते सगळ्या अमेरिकेत लागू झालं.

आपल्याकडे ते बंधन आलं १९९६ मध्ये. पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधून काहीच बाहेर पडू नये, आणि बाष्पीभवनाच्या चाचणीत २ ग्रॅमपेक्षा जास्त पेट्रोल उडू नये, असा तो नियम. ही चाचणी एका हवाबंद खोलीत होते. गाडी आत उभी करतात, दार लावतात आणि खोलीतल्या हवेत किती हायड्रोकार्बन जमा झाला ते मोजतात. २ ग्रॅम पेट्रोल म्हणजे अर्ध्या चहाच्या चमच्याहून किंचित जास्त. मर्यादा बरीच कडक आहे. पण ती कारखान्यातून निघालेल्या नव्या मॉडेलसाठी. वीस वर्षांपूर्वीची एमएच-०८ ची गाडी आज त्या खोलीत कुणी नेऊन उभी करत नाही.

आता टाकी उघडू. टाकी श्वास घेते. दिवसा ऊन चढलं की आतलं पेट्रोल तापतं, वाफ वाढते आणि बाहेर पडायला वाट शोधते. रात्री गारवा आला की आतली वाफ आकसते आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. दिवसरात्रीच्या तापमानात फरक जितका जास्त, तितका हा श्वास खोल. म्हणून दापोलीत याचा जोर पावसाळ्यात नसतो. आषाढात दिवस आणि रात्र सारखेच कोंदट. थंडी सरताना, पहाटे गारठा आणि दुपारी चटका असतो, तेव्हा उभ्या गाडीतून सर्वात जास्त वाफ जाते. घाटातही हेच होतं. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढलात की बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि टाकी वाफ बाहेर ढकलते. उतरताना हवा आत ओढते.

प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात या वाफेची कुणी काळजी केली नाही. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या त्या गाडीची टाकी मोकळ्या हवेत श्वास सोडायची. त्या पिढीच्या चालकांना वाफेचा त्रास ठाऊक होता तो दुसऱ्या टोकाला. पेट्रोल पंप इंजिनाला खेटून बसवलेला. कशेडी घाटाच्या जुन्या चढावर इंजिन तापलं की पंपातच पेट्रोलची वाफ व्हायची. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. गाडी बंद. मग बॉनेट उघडायचं, ओलं फडकं पंपावर टाकायचं आणि विडी ओढत बसायचं. विडी सोडली तर उपाय शास्त्रशुद्ध होता. पेट्रोलच्या वाफेजवळ विडी पेटवून ती माणसं वाचली कशी, हे मला आजवर उलगडलेलं नाही.

१९९६ च्या नियमानंतर टाकीची मोकळी वाट बंद झाली. झाकणात दोन छोटे व्हॉल्व्ह आले. दाब फारच वाढला तर एक उघडतो, आणि आत पोकळी झाली तर दुसरा हवा आत घेतो. एरवी वाफ एका नळीने कोळशाच्या डब्याकडे जाते. त्याला गॅरेजात कॅनिस्टर म्हणतात. आत सक्रिय कोळशाचे दाणे असतात. त्यांच्या सूक्ष्म छिद्रांत पेट्रोलची वाफ अडकून बसते. इंजिन सुरू झालं की पर्ज व्हॉल्व्ह उघडतो, इंजिन डब्यातून हवा ओढतं, आणि कोळशात साठलेली वाफ सिलिंडरमध्ये जाऊन जळते. कोळसा रिकामा होतो, पुन्हा वाफ घ्यायला तयार.

नारळाच्या करवंटीपासून उत्तम सक्रिय कोळसा होतो, मग आपल्या करवंट्या त्यात चालतील का, असं मला एका बागायतदाराने विचारलं होतं. प्रश्न अगदी योग्य. पाण्याच्या फिल्टरमध्ये करवंटीचाच कोळसा असतो. पण त्याची छिद्रं फार बारीक. पेट्रोलची वाफ त्यात शिरते खरी, पण सहजासहजी सुटत नाही. गाडीच्या डब्याला घेतलेली वाफ परत सोडणारा कोळसा लागतो, म्हणून तिथे बहुधा लाकडापासूनचा वापरतात.

आता रोगनिदान. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, “मास्तर, पेट्रोलचा वास येतोय.” यावर पाना हातात घ्यायचा नाही. विचारायचं, कधी येतो? टाकी फुल्ल केल्यावरच, की अर्ध्यावरही? सकाळी पडवीतून गाडी काढताना, की हर्णैच्या बाजारातून येऊन गाडी बंद केल्यावर? आत बसल्यावर, की मागच्या चाकाशी उभं राहिल्यावर? या उत्तरांत अर्धं निदान होतं.

फक्त भरल्या टाकीला वास येत असेल तर गळती टाकीच्या वरच्या अंगाला आहे. पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी सांधा, तिच्या शेजारची बारीक ब्रीदर नळी, किंवा पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याच्या फ्लोटचं पॅकिंग, जे अनेक गाड्यांत मागच्या सीटखाली असतं. चढावर पेट्रोल मागे सरकतं आणि ते सांधे भिजतात, म्हणून चढावर वास वाढला तर संशय पक्का. गरम गाडी बंद केल्यावर पुढून वास येत असेल आणि गाडी कार्बोरेटरची असेल, तर फ्लोटच्या भांड्यातलं पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने उडतं आहे. थोडा वास त्या गाड्यांचा स्वभावच आहे. पण लगेच सेल्फ मारल्यावर गाडी घुटमळत असेल तर नीडल व्हॉल्व्ह आणि फ्लोटची उंची पाहायची. इंजेक्शनच्या म्हणजे एमपीएफआय गाडीला मात्र पुढून येणारा कच्च्या पेट्रोलचा वास गांभीर्याने घ्या. तिथे पेट्रोल दोन-तीन बार दाबाखाली असतं. इंजेक्टरचा ओ-रिंग किंवा होज फुटला तर तुषार उडतो, आणि खाली तापलेलं इंजिन असतं. ती गाडी चालवत गॅरेजात नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा.

पेट्रोल भरलं की पंपावरच गाडी सुरू होत नाही, झाली तरी धडधडते, आणि थोड्या वेळाने सुधारते, हा तिसरा प्रकार. हा पर्ज व्हॉल्व्हचा. तो उघडाच अडकला की भरताना उसळलेली सगळी वाफ थेट इंजिनात जाते. व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकायचा, अर्थात बाहेरून पुसून. वीज नसताना तो बंद असला पाहिजे. १२ व्होल्ट दिले की ‘टिक्’ आवाज येऊन उघडला पाहिजे. तपासायला एवढंच लागतं, पण तो न तपासता प्लग, कॉइल आणि पंप बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

चौथ्या प्रकाराचा दोष आपलाच. पंपावरची नोझल एकदा ‘टक्’ करून थांबते. भरणारा पोऱ्या रक्कम राउंड फिगर व्हावी म्हणून आणखी दोन-तीनदा दाबतो, आणि आपणही “भर, भर” म्हणतो. ती वरची जागा वाफेसाठी सोडलेली असते. ती पेट्रोलने भरली की द्रव पेट्रोल नळीतून कोळशाच्या डब्यात शिरतं. भिजलेला कोळसा बऱ्याचदा कायमचा निकामी होतो.

इथे एक इशारा देतो. तरुण मुलं मोबाइलवर अमेरिकन मेकॅनिकांचे व्हिडिओ पाहतात. तिथे चेक इंजिनचा दिवा लागतो, स्कॅनर ‘वाफेची गळती’ असा कोड दाखवतो, आणि काम सुरू होतं. कारण तिथल्या गाड्या टाकीची यंत्रणा स्वतः तपासतात आणि अर्ध्या मिलिमीटरचं भोकही पकडतात. आपले नियम युरोपच्या वळणाचे आहेत. आपल्या बहुतेक जुन्या गाड्यांचा संगणक पर्ज व्हॉल्व्हची वायर तुटली एवढंच सांगू शकतो, टाकीला भोक आहे हे नाही. दिवा लागला नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका.

आता दापोलीची म्हणून जी दुखणी आहेत ती सांगतो. पहिलं गंजाचं. मुरूड, कर्दे, लाडघर इथल्या वाळूत पाहुणे गाड्या पळवतात आणि चाकं लाटेत बुडवून फोटो काढतात. ते खारं पाणी चाकाच्या वरच्या पोकळीत जातं. आपल्या स्वतःच्या गाड्यांत पावसाळाभर तांबडी माती तिथेच बसते आणि आठवडेच्या आठवडे ओली राहते. पेट्रोल भरायची लोखंडी नळी नेमकी तिथून जाते. जालगावच्या एका गृहस्थांची जुनी मारुती ८०० माझ्याकडे आली, तेव्हा तिचं कार्बोरेटरचं किट, पंप, फिल्टर आणि इंजिनकडचे होज एका गॅरेजने बदललेले होते. वास तसाच. मी विचारलं, कधी येतो? म्हणाले, टाकी भरल्यावर दोन दिवस. मागचं चाक काढलं, मातीचा थर खरवडला. नळीला बोट लावलं तर नख आत गेलं. कार्बोरेटरचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता.

दुसरं दुखणं प्राण्यांचं. आंब्याच्या बागेत उभ्या गाडीचे होज उंदीर-घुशी कुरतडतात, हे तुम्हाला माहीत आहे. पण कॅनिस्टरला बाहेरची हवा घ्यायला जी छोटी नळी असते, तिच्यात कुंभारमाशी मातीचं घर करते. हवा आत येईना की टाकीत पोकळी होते. झाकण उघडताना लांबलचक ‘फुस्स’ ऐकू आलं तर ती नळी पाहा. थोडी फुस चालते, लांब चालत नाही. हसू नका, २०११ मध्ये अमेरिकेत माझ्दा कंपनीला हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. पेट्रोलच्या वासाकडे ओढले जाणारे कोळी नेमक्या याच नळीत जाळी विणत होते, आणि पोकळीमुळे टाकीला तडा जाण्याची भीती होती. २०१४ मध्ये पुन्हा तेच.

तिसरं इथेनॉलचं. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल विक्रीला आलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉलला मी शिव्या घालणार नाही, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. पण जुन्या रबराला ते मानवत नाही. होज आधी फुगतो, गाडी बरेच दिवस उभी राहून कोरडा पडला की चिरतो. सीएनजी बसवलेल्या गाड्यांत हे जास्त दिसतं, कारण पेट्रोलची बाजू कुणी वापरतच नाही. शिवाय मिश्रणाचा बाष्पदाब नुसत्या पेट्रोलपेक्षा जास्त असतो, म्हणजे वाफ आणखी उडते. होज बदलायचाच तर रस्त्यावरचा साधा काळा पाइप नको. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला चालेल असं लिहिलेलाच घ्या. इंजेक्शनच्या गाडीला एसएई जे ३० आर ९ असा शिक्का पाहून घ्या.

वास कधी येतो ते कळलं, तरी जागा सापडत नसेल तर? परदेशात धुराचं यंत्र लावतात. आपल्याला गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी पुरते. ती फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बांधा आणि अर्धी पाण्याने भरा. टाकीकडून कॅनिस्टरला येणारी वाफेची नळी कॅनिस्टरपासून सोडवा, एक टी-जोड लावा, एका टोकाला ही पाण्याची नळी आणि दुसऱ्याला रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा. दोन बाजूंच्या पाण्यात ३५ सेंटिमीटरचा फरक पडेपर्यंत, फुग्याची चावी बंद ठेवून, फुगा हळूहळू दाबा. हा दाब फक्त अर्धा पौंड आहे, आणि तेवढाच हवा. गॅरेजचा कॉम्प्रेसर टाकीला चुकूनही लावू नका, टाकी फुटते. मग थांबा आणि पाहा. पाणी जागच्या जागी राहिलं तर झाकण, नळ्या, पॅकिंग सगळं ठीक. हळूहळू उतरलं तर ब्रशने साबणाचं पाणी लावत जा, बुडबुडे जागा दाखवतील. हे काम पहाटे, मोकळ्या जागेत, गार इंजिनावर करायचं. टाकीवर ऊन पडलं तर आतली हवा प्रसरण पावते आणि गळती असूनही पाणी चढतं. काही गाड्यांत वाफेच्या नळीतच दुतर्फी व्हॉल्व्ह असतो, तिथे टी-जोड त्याच्या टाकीकडच्या बाजूला लावावा लागतो.

पाणी उतरत असेल तर दुसरं काही करण्याआधी नवं झाकण लावून पाहा. रबर कडक झालेलं झाकण हा सर्वात स्वस्त आणि वारंवार सापडणारा दोष आहे.

टाकीलाच भोक असेल तर रस्त्यात कपडे धुण्याची साबणाची वडी त्यावर घासा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंत पोहोचता येतं. तो उपाय घरी पोहोचेपर्यंतचाच. टाकी झाळून घ्यायची तर मात्र माझी कळकळीची विनंती आहे. रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. भरल्या टाकीत वाफेला फारशी जागा नसते, रिकामीत वाफ आणि हवा मिसळलेली असते, आणि हवेत दीड ते साडेसात टक्के पेट्रोलची वाफ असली की ती ठिणगीने पेटते. टाकी गाडीवरून उतरवा, गरम पाण्याने आणि साबणाने वारंवार धुवा, आणि झाळताना भोकाच्या पातळीपर्यंत पाणी भरलेलं ठेवा. हे न करणाऱ्या माणसाकडे टाकी देऊ नका. गॅरेजच्या खड्ड्याबद्दलही सांगतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिपटीहून जड असते. ती खड्ड्यात उतरते आणि तिथेच राहते. खड्ड्यात उतरून बल्बच्या उजेडात पेट्रोलची नळी सोडू नका.

या वाफेत बेन्झीन असतं आणि ते कर्करोगकारक आहे. पेट्रोलमधलं त्याचं प्रमाण एक टक्क्यावर आणलेलं असलं, तरी बंद पडवीत रोज नाकात जाणं बरं नाही. गाडी जिथे उभी राहते त्या भिंतीपलीकडे अनेकांच्या घरात झोपायची खोली असते.

माझ्या दोन मागण्या आहेत, एक सरकारकडे आणि एक तुमच्याकडे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वार्षिक तपासणीत टाकीचं झाकण काढून एका छोट्या यंत्रावर त्याचा दाब तपासत असत. काम दोन-तीन मिनिटांचं. आपल्याकडे पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्याने होते तेव्हा तरी ही तपासणी करावी, असं परिवहन खात्याला आपण लिहावं. आणि दापोलीत कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथल्या आणि आयटीआयच्या मुलांनी मिळून फळी, नळी आणि फुग्याचं हे साधन बनवावं, आणि तालुक्यातल्या प्रत्येक गॅरेजात एकेक नेऊन द्यावं. फळीचं माप आणि जोडणीची आकृती मी संयोजकांकडे दिली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी व्याख्यान संपल्यावर मागून घ्यावी.